पडदेवाल्याला बोलवायच्या आधी

गणपतीची चवथ जवळ आली की ह्या सदरात पडद्यांचे प्रश्न येतातच, ह्या वेळी जरा जास्तच आलेत. त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : ताई, पर्वरीला नवीन टू बीएचके घेतलाय. पडद्यांसाठी तिघांकडून कोटेशन घेतलं. एकाचं ३८ हजार, दुसऱ्याचं ६२ हजार आणि तिसरा म्हणतो ब्लाइंड्स लावा, स्क्वेअर फुटावर सांगतो. खिडक्या त्याच मग एवढा फरक कसा? स्वस्तवाला घेऊन टाकू का?

उत्तर : थांबा जरा. नुसत्या खालच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचा भाव दिलाय. तिघांनाही कापड, शिलाई, अस्तर, रॉड-ब्रॅकेट आणि फिटिंग हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. आणि कापडाचा पन्हा, म्हणजे ताग्याची रुंदी, किती ते विचाराच, हे कोणी विचारत नाही आणि सगळी गंमत तिथेच असते.

तुमच्या बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा ८ फुटी आहे असं धरू. रॉड दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त घ्यायचा, म्हणजे १०८ इंच झाला. आयलेटच्या, म्हणजे रॉड ओवायला वर कड्या असलेल्या पडद्याला चुण्या नीट पडायच्या तर कापड रुंदीला निदान दुप्पट लागतं, म्हणजे २१६ इंच. आता ४८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साडेचार पार्ट, म्हणजे कापडाच्या उभ्या पट्ट्या, येतात, म्हणजे पाच शिवावे लागतात, आणि ५४ इंचाचं असेल तर बरोब्बर चारात भागतं. उंची रॉडपासून खाली ९० इंच आणि वर-खाली दुमडायला १० इंच, असा एक पार्ट १०० इंचांचा म्हणजे अडीच मीटरच्या थोडा वर. पाच पार्टना पावणेतेरा मीटरच्या आसपास कापड जातं. ३८ हजारवाल्याने ४८ च्या पन्ह्यात चारच पार्ट धरले असतील तर पडदा बंद केल्यावर चुण्या विरळ पडतात आणि पडदा भरलेला दिसत नाही, मग तुम्ही म्हणणार शिंप्याने बिघडवलं. अमेरिकन प्लीट, म्हणजे वर शिवून पक्क्या केलेल्या चुण्या, हवी असेल तर अडीच पट धरा, ४८ च्या पन्ह्यात सहा पार्ट लागतील. मोठ्या फुलांचं डिझाइन असेल तर फुलं जुळवायला प्रत्येक पार्टमागे आणखी कापड जातं, ते कोटेशनमध्ये धरलंय का बघा.

ब्लाइंड्सवाल्याला दोन गोष्टी विचारा. एक, कमीत कमी किती स्क्वेअर फुटाचं बिल करतो, कारण बाथरूमच्या ४ स्क्वेअर फुटांच्या खिडकीलाही दहा-बारा स्क्वेअर फुटांचे पैसे लावणारे आहेत. दुसरं, माप कोण घेणार. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सगळ्यात कमी आकडा धरायचा असतो. नव्या बिल्डिंगमध्येही चौकट काटकोनात असेलच असं नाही. माप तुम्ही दिलंत आणि चुकलं तर खर्च तुमचा, त्याने घेतलं आणि चुकलं तर त्याचा, म्हणून मापं त्यालाच घ्यायला लावा आणि त्या कागदावर त्याची सही घ्या, निदान फोटो तरी व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगा.

आणि माणूस कसा ओळखायचा म्हणाल तर मी एकच सांगते, मागच्या पावसाळ्याच्या आधी बसवलेलं एखादं काम दाखव म्हणायचं. काल लावलेला पडदा कोणाचाही छानच दिसतो. चार महिने पाऊस आणि दमट हवा खाऊन ज्याचा रॉड सरळ आहे आणि कापडावर काळे ठिपके नाहीत तो आपला. आल्या आल्या कॅटलॉग उघडून बसतो त्यापेक्षा आधी भिंतीवर टकटक करून बघतो, खिडकी आत उघडते की बाहेर, पाऊस कुठल्या बाजूने येतो हे विचारतो तो मला जास्त कामाचा वाटतो.

प्रश्न : आमचं डिचोलीकडे चिऱ्यांचं जुनं घर आहे. हॉलमध्ये ९ फुटी रॉड लावला होता तो दोन महिन्यांत प्लास्टरसकट खाली आला. दुकानदार म्हणतो भिंत खराब, फिटिंगवाला म्हणतो पडदे जड. खरं कोणाचं?

उत्तर : थोडं दोघांचं, पण जास्त चूक फिटिंगवाल्याची. चिरा म्हणजे जांभा, हा सच्छिद्र दगड, काँक्रीटसारखा घट्ट नाही. त्यात हातोडा-मोडवर ड्रिल मारलं की भोक आतून मोठं होतं आणि स्क्रूसाठी भोकात घालायचा नेहमीचा छोटा प्लास्टिकचा गट्टू नुसता गोल फिरतो. जुन्या घरात दोन चिऱ्यांच्या मधे मातीने भरलेली फट असते, भोक नेमकं तिथे पडलं तर मग देवच वाली. शिवाय ९ फुटी रॉडला दोन टोकांना दोन ब्रॅकेट लावून मोकळं व्हायचं नसतं, मधे निदान एक तरी हवाच, कापड जड असेल तर दोन.

आता काय करायचं तर पूर्ण रुंदीची एक लाकडी पट्टी भिंतीवर चार-पाच ठिकाणी लांब स्क्रू आणि लांब गट्टू घालून बसवून घ्या आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर मारा, म्हणजे वजन एका भोकावर येत नाही. पट्टी भिंतीच्याच रंगाची रंगवली की कळतही नाही. भोकं हातोडा बंद ठेवून सावकाश मारायला सांगा, आणि घाई करणारा असेल तर सरळ परत पाठवा. खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असेल तर काम आणखी सोपं. तुमच्याकडे जुनी शिंपल्यांची तावदानं असतील तर त्या चौकटीला मात्र हात लावू देऊ नका, धक्क्याने शिंपले निखळतात आणि ते परत बसवून देणारा सुतार सहज मिळत नाही. झडपा आत उघडत असतील तर रॉड दोन्हीकडे चांगला लांब घ्या म्हणजे पडदा पूर्ण बाजूला सरकेल.

पुढच्या वेळी आधीच विचारा की फिटिंगला दुकानाचा माणूस येणार की बाहेरचा. बाहेरचा असला तरी चालेल, पण बिल दुकानाचं आणि फिटिंगची जबाबदारीही दुकानाची, हे बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : वास्कोला समुद्राच्या समोर फ्लॅट आहे. रोलर ब्लाइंडच्या साखळीला गंज, ब्लॅकआउटच्या (उजेड पूर्ण अडवणाऱ्या) कापडाच्या मागचा थर चिकटतो, बेडरूमच्या पडद्याला बुरशी. आता नवीन करायचंय, काय लावू? दुपारी ऊनही खूप येतं.

उत्तर : खाऱ्या हवेत साधं लोखंड पावडर कोटिंग करूनही टिकत नाही, एक ओरखडा पडला की तिथूनच गंज सुरू. रॉड अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा घ्या, आणि स्टेनलेस म्हटलं की ग्रेड विचारा. बाजारात ३०४ सर्रास मिळतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेला जास्त दाद देत नाही, महाग आहे पण तुमच्या घराला तेच. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे, नाहीतर रॉड चकचकीत आणि स्क्रूमधून तांबडा ओघळ. ब्लाइंडची साखळी प्लास्टिकची मागा.

लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स आणि बांबूची चिक पावसाळी हवेत नको, पट्ट्या वाकतात आणि बुरशी धरतात. हॉलला पॉलिस्टरचा जाळीदार स्क्रीन रोलर बरा, ओल्या फडक्याने पुसता येतो आणि समुद्रही दिसत राहतो. बेडरूमला ब्लॅकआउट हवाच असेल तर ओलसर असताना गुंडाळून ठेवू नका, थर त्यानेच चिकटतो. जमिनीपासून अर्धा-पाऊण इंच वर राहील असाच पडदा शिवायला सांगा, स्लायडिंगच्या खाचेतून आत येणारं पाणी लोळणारं कापड शोषून घेतं. सुती कापड घेणार असाल तर शिवायच्या आधी धुवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखूड होईल.

उन्हाचं म्हणाल तर आतला पडदा काचेतून आत आलेल्या उन्हाला अडवतो, तोवर उष्णता घरात शिरलेली असते. बाल्कनीबाहेर शेड किंवा बाहेरून खाली सोडायचा ब्लाइंड जास्त काम करतो, पण त्याला सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, मागून भांडणं होतात. वॉरंटी कापडाची वेगळी, यंत्राची वेगळी असते, आणि खाऱ्या हवेचा गंज त्यात धरलाय की वगळलाय हे वाचून मगच सही करा.

प्रश्न : म्हापशाच्या घरी दीड वर्षाची नात राहायला येणार आहे. सगळ्या खिडक्यांना साखळीचे ब्लाइंड्स आहेत. मुलगी म्हणते काढून टाक. इतकं काय त्यात?

उत्तर : मुलीची भीती खरी आहे. ब्लाइंडच्या दोरीचा किंवा साखळीचा फास लहान मुलांच्या गळ्यात बसून जीव गेल्याच्या घटना अनेक देशांत झाल्यात, आणि आवाजही होत नाही म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्यालाही कळत नाही. अमेरिकेत तर १ जून २०२४ पासून लागू झालेल्या मानकाने मोकळ्या लोंबत्या दोऱ्यांवर कडक बंधनं आणलीत. सगळे ब्लाइंड्स लगेच काढायची गरज नाही, पण ज्याने बसवले त्याला बोलवून प्रत्येक साखळी ताणून भिंतीला पक्की करणारा क्लिप लावून घ्या, स्वस्त असतो. नात झोपते त्या खोलीतला मात्र बदलाच, स्प्रिंगचा विनादोरीचा घ्या किंवा साधा पडदा लावा. पलंग, सोफा, स्टूल खिडकीपासून लांब. नवीन काम देताना दुकानदार स्वतःहून हा विषय काढतो का बघा, बहुतेक नाही काढत.

प्रश्न : मडगावच्या एका पडदेवाल्याला जूनमध्ये ८० टक्के अॅडव्हान्स दिला, चवथीच्या आधी देतो म्हणाला. आता फोनच उचलत नाही. पैसे गेले समजायचं का?

उत्तर : गेले कशाला समजता! चवथीच्या तोंडावर सगळ्या शिंप्यांकडे काम तुंबलेलं असतं, त्यामुळे आधी तो अडकलाय की पळालाय ते बघा. दुकानात स्वतः जाऊन या. तरी दाद दिली नाही तर व्हॉट्सअॅपवर आणि स्पीड पोस्टाने लिहा की अमुक तारखेपर्यंत माल द्या, नाहीतर पैसे परत करा. पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, मापाचा कागद सगळं एकत्र ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बरेचदा तेवढ्यावरच फोन उचलला जातो. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं.

पुढच्या वेळी ८० टक्के कधीच नाही. कापड घ्यायला म्हणून निम्म्यापर्यंत ठीक, माल घरी आल्यावर आणखी थोडे, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के सगळे पडदे टांगून, सरकवून, लांबी बघून झाल्यावरच. चवथीला हवं असेल तर ऑर्डर एप्रिल-मेमध्येच द्या, तेव्हा शिंपी जरा मोकळा असतो आणि फिटिंगवालाही फोन उचलतो.