अमेरिकेत माझी कंपनी कॉलेजची फी देते, पण नंतर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही अशी अट आहे. घ्यावं का?

घ्या, पण सही करायच्या आधी एक विचारा, फी आधी कोण भरणार? दोन वर्षांच्या अटीपेक्षा लोक तिथेच जास्त अडकतात. बऱ्याच कंपन्यांत रिएम्बर्समेंट असतं, म्हणजे सेमिस्टरची फी तुम्ही भरायची, ग्रेड लागले की ट्रान्सक्रिप्ट आणि पावती पोर्टलवर टाकायची, मग एचआरचं अप्रूव्हल, मग कधीतरी पेचेकमध्ये पैसे. माझ्या आधीच्या नोकरीत असंच होतं आणि तासावर काम करणारे बरेच जण अर्जच करायचे नाहीत, कारण तोवर दोन-तीन हजार डॉलर अडकवून ठेवायला आणायचे कुठून? मला अजून राग येतो याचा, ज्यांना गरज आहे त्यांनाच ती सोय परवडत नाही.

सगळीकडे असं नाहीये. ॲमेझॉनची करिअर चॉइस ही शिक्षणाची योजना 2012 पासून आहे, त्यात ते फी आधीच भरतात. वॉलमार्टने 2018 मध्ये दिवसाला 1 डॉलर घेऊन सुरू केलं, 2021 मध्ये तो डॉलरही काढून टाकला. तुमच्याकडे रिएम्बर्समेंटच असेल तर कॉलेजच्या फी ऑफिसला एम्प्लॉयर डिफरमेंट, म्हणजे फी नंतर भरायची सवलत, आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी कंपनीचं पत्र दिलं की ग्रेड लागेपर्यंत थांबतात, थोडा चार्ज लावतात एवढंच.

टॅक्सचं म्हणाल तर कंपनीने दिलेल्या पैशांवर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत लागत नाही, त्यात पुस्तकंही येतात, राहण्या-खाण्याचा खर्च येत नाही. वरची रक्कम साधारणपणे पगारात धरून टॅक्स कापतात. मोजणी कॅलेंडर वर्षाची असते, त्यामुळे पैसे डिसेंबरला मिळाले की जानेवारीला यानेही फरक पडतो.

आता तुमची अट. ती काही सगळीकडे नसते, स्टारबक्स 2014 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डिग्री देतं, नंतर थांबायचं बंधन नाही. तुमची दोन वर्षं प्रत्येक पेमेंटपासून मोजणार की डिग्री झाल्यावर, दीड वर्षाने सोडलं तर सगळे पैसे परत द्यायचे की उरलेल्या महिन्यांचेच, आणि कंपनीनेच लेऑफ केलं तर काय, हे ईमेलवर लेखी घ्या. शेवटच्यावर एचआर गोलमोल बोलत असेल तर उत्तर येईपर्यंत सही करू नका. आणि अप्रूव्हल क्लास सुरू व्हायच्या आधीच घ्या, नंतर केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी परत येतो.