चोर्ला घाट करून आलं की जुन्या स्पोर्ट्स कारच्या ड्राइव्ह शाफ्टचे (चाकं फिरवणाऱ्या दांड्याचे) बोल्ट सैल होतात. लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावूनही का?

बहुतेक वेळा कारण एकच: ग्रीस. सीव्ही जॉइंटमधलं (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यातलं) ग्रीस आट्यांत उतरतं, मग लॉकटाइट धरतच नाही. बोल्ट काढून बोल्टचे आणि फ्लँजचे (बोल्ट बसतात त्या चकतीचे) आटे ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या. दोन्ही फ्लँज जिथे टेकतात तिथला रंग आणि गंज खरवडा. रंगाचा थर दबला की बोल्टचा ताण गेलाच.

जुने बोल्ट ताणलेले असतील तर बदला. बेळगावच्या उद्यमबागेत घेताना बोल्टच्या डोक्यावर १२.९ हा मजबुतीचा आकडा पाहून घ्या, ८.८ चालणार नाही. साधा स्प्रिंग वॉशर इथे निरुपयोगी. दातेरी डिस्क वॉशर किंवा वेज-लॉक जोडी (पाचरीसारख्या उतारांनी एकमेकांत अडकणारे दोन वॉशर) घाला. बोल्टच्या डोक्यातल्या ॲलन पान्याच्या खाचेतलं ग्रीसही टोकदार सळीने काढा, नाहीतर पाना घसरून खाच गोल होते.

निळं लॉकटाइट २४३ दोन थेंब लावा. लाल नको, पुढे काढताना बोल्ट तापवावा लागतो आणि शेजारी जॉइंटचं रबरी आवरण (बूट) आहे. समोरासमोरचे बोल्ट दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) आवळा. २४ तास गाडी हलवू नका.

नंतर बोल्टपासून फ्लँजपर्यंत रंगाची रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर ती सरकली का एवढंच बघा. उगाच पुन्हा आवळलंत तर धरलेलं लॉकटाइट तुटतं.