खड्ड्यात काय घालावं, किती आणि कधी

वाचकांचे प्रश्न : बागायत

प्रश्न : देवरुखजवळ आमचा सडा (जांभ्या कातळाचं माळरान) आहे. जूनअखेरीला हापूस आणि केसर मिळून चाळीसेक कलमं लावली. मुळं लवकर धरावीत म्हणून दुकानदाराने प्रत्येक खड्ड्यात मूठभर डीएपी खत आणि वरून 'रूट बूस्टर'चं पाणी द्यायला सांगितलं. डीएपी हुंडीच्या (पिशवीतून निघालेल्या मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या) खालीच टाकलं. आता पानांच्या कडा करपल्यात आणि सात-आठ कलमांनी मान टाकली आहे. माती मात्र ओलीगच्च आहे. आणखी खत द्यावं का? मुलगा म्हणतो, परदेशात नव्या झाडाला खत घालूच नका असं सांगतात. खरं काय धरायचं?
– एक बागायतदार, देवरुख परिसर

उत्तर : आणखी खत नको. आत्ता खत हा विषयच बाजूला ठेवा आणि आधी कलमं वाचवा.

माती ओली असताना कलम मान टाकतं, तेव्हा पाणी कमी पडलेलं नसतं. पाणी ओढणारी मुळं कामातून गेलेली असतात. त्याची दोन कारणं संभवतात आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही एकत्र आली आहेत. सगळ्यात खराब दिसणारं एक कलम निवडा. हुंडीच्या एका बाजूची माती खुरप्याने हलकेच सारा आणि बारीक मूळ चिमटीत धरा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक लागतं. खताने भाजलेल्या मुळाचं टोक तपकिरी, सुकल्यासारखं असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते, आत नुसता दोरा उरतो आणि मातीला आंबूस वास येतो. वास आला तर खड्ड्यात पाणी तुंबलं आहे असं समजा.

सड्यावर हे हमखास होतं. कातळात खोदलेला खड्डा म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. भरलं ते भरलं, जायला वाट नाही. उताराच्या बाजूने प्रत्येक खड्ड्याला पहारीने चर पाडा, आणि चराचा तळ खड्ड्याच्या तळाला लागला पाहिजे. अर्धवट चर पाडला तर खालचं पाणी तसंच राहतं. कलमाच्या बुंध्याशी मातीचा उंचवटा करा, म्हणजे वरचं पाणी बाहेर पडेल. पावसाळ्यात आळं करायचंच नाही, आळं दिवाळीनंतर. हुंडीखाली डीएपीचे दाणे अजून दिसत असतील तर त्या मातीसकट काढून टाका. मान टाकलेल्या कलमांना झापाची सावली करा. नवी पालवी फुटली तर कलम वाचलं. नाही फुटली तर पावसाचा जोर ओसरल्यावर त्याच जागी, चर पाडून झाल्यावर, दुसरं लावा.

आता डीएपीबद्दल. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. हे नत्र अमोनियाच्या रूपातलं. दाणा विरघळताना त्याच्या अवतीभवती क्षार साचतात, थोडा अमोनिया सुटतो, आणि कोवळ्या मुळाला तो सोसत नाही. खत मातीत कालवलं असतं तर इतकं बाधलं नसतं. हुंडीच्या खाली ढीग करून टाकलं की पहिलं नवं मूळ सरळ त्यातच उतरतं. युरियाचं तर विचारूच नका. लावणीच्या खड्ड्यात युरिया मी कुणालाही घालू देत नाही.

तुमच्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्फुरद घातलं म्हणून मुळं धावत सुटत नाहीत. मुळाला वाढायला पानांनी तयार केलेलं अन्न लागतं, मातीत हवा लागते, ओल लागते. ज्या जमिनीत स्फुरद आधीच पुरेसं आहे तिथे वरून घातलेलं वाया जातं. जास्त झालं तर मुळांबरोबर राहणारी मायकोरायझा बुरशी मंदावते, आणि हीच बुरशी एरवी मुळांना स्फुरद आणून देत असते. लावताच नत्र दिलं तर पालवी जोरात येते, पण तेवढ्या पानांना पाणी पुरवण्याची ताकद हुंडीएवढ्या मुळांत नसते. म्हणून तिकडचे लोक पहिल्या वर्षी हात आखडता घ्यायला सांगतात.

पण आपली जमीन जांभ्याची, आंबट. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि ते स्फुरदाला असं पकडून ठेवतात की झाडाला ते मिळत नाही. शिवाय स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. नत्र आणि पालाश पाण्याबरोबर खाली उतरतात. रत्नागिरीसारख्या तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या भागात तर धुऊनच जातात. स्फुरद मात्र जिथे टाकाल तिथेच बसतं. वर पसरलेलं सुपर फॉस्फेट हातभर खालच्या मुळाला मिळायची आशा नको. म्हणून माझं म्हणणं कोकणापुरतं असं : लावणीच्या वेळी खड्ड्यात हवं ते स्फुरद. बाकीची खतं थांबू शकतात, याला मात्र खड्डा पुन्हा उघडा मिळणार नाही.

त्यासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात १६ टक्के स्फुरद असतं, सोबत गंधक आणि कॅल्शियमही येतं आणि नत्र अजिबात नाही. आंब्याच्या मीटरभर लांब-रुंद-खोल खड्ड्याला दोन किलोपर्यंत, काजूच्या ६० सेंटिमीटरच्या खड्ड्याला एक किलोपर्यंत पुरतं. दोन किलो सुपर फॉस्फेटमधून ३२० ग्रॅम स्फुरद मिळतं. तेवढंच डीएपीतून घ्यायचं तर सातशे ग्रॅम डीएपी लागेल, आणि त्याबरोबर सव्वाशे ग्रॅम नत्र मुळांपाशी जाईल. आपल्याला नको आहे ते हेच. रॉक फॉस्फेटही चालतं, आंबट मातीत ते सावकाश विरघळतं.

घालण्याची रीत महत्त्वाची. सुपर फॉस्फेट आधी चांगल्या कुजलेल्या तीन-चार घमेली शेणखतात कालवा आणि मग ते वरच्या थरातल्या मातीत मिसळून खड्डा भरा. शेणखतातल्या सेंद्रिय आम्लांमुळे लोहाची पकड ढिली पडते आणि स्फुरद जास्त काळ झाडाच्या कामी येतं. नुसतं मातीत टाकलेलं लवकर बांधलं जातं. हे काम मे महिन्यातच उरकावं. एकदोन पाऊस झाले की माती बसते, मग मधोमध हुंडीएवढी जागा करून कलम लावायचं. सड्यावर बाहेरची माती आणावीच लागते. ती आणताना शेतातली वरची वीतभर माती बघून घ्या, खालचा तांबडा मुरूम नको.

बूस्टरच्या बाटल्यांत बहुतेक ह्युमिक आम्ल असतं. त्याने अपाय नाही, थोडा फायदाही होईल, पण तुंबलेल्या खड्ड्यात त्याचा काही उपयोग नाही. ते पैसे चर पाडणाऱ्या गड्याला दिलेत तर जास्त कलमं जगतील.

आणि हुंडी बघितली होती का? रोपवाटिकेत पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या कलमाचं मूळ तळाशी गोल गोल फिरलेलं असतं. माझ्याकडे असं कलम निघालं तर मी ते विकायला ठेवत नाही. ते वेटोळं तसंच लावलं तर मूळ पुढेही गोलच फिरतं, बाहेरच्या मातीत जात नाही, मग खड्ड्यात सोनं ओता. पिशवी तळाशी ब्लेडने कापा, वेटोळी मुळं छाटून टाका, उरलेली बोटांनी मोकळी करा आणि मगच लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा, नाहीतर बुंधा फुगताना ती आत रुतते. सांध्याखाली खुंटाला (ज्या रोपावर कलम बांधलं त्याला) फुटवे आले की लगेच मोडा. हे सगळं कुठल्याही खताच्या आधीचं.

नत्र कधी द्यायचं? पहिली पालवी येऊन निबर झाली, पानं गडद हिरवी पडली, की द्यायचं. मुसळधार पावसात नाही. गणपतीनंतर उघडीप मिळते तेव्हा. पहिल्या वर्षी कलमापासून वीतभर लांब गोलाकार ओळीत युरियाची छोटी मूठ, थोडं पालाश, आणि वर माती ओढा. त्याआधी एक गोष्ट करून बघा. हुंडीच्या कडेपासून चार बोटं बाहेरची माती बोटाने उकरा. पांढरी, कोवळी टोकं दिसली तर मूळ बाहेर निघालं आहे, खत द्या. काहीच दिसलं नाही तर खत नको, कारण ते घ्यायला तिथे कुणी नाही. यंदा तुमच्या वाचलेल्या कलमांना मी काहीच देणार नाही, जूनपर्यंत थांबा.

प्रश्न : हर्णैला घरामागे नारळाची दहा रोपं लावायची आहेत. सासूबाई म्हणतात खड्ड्यात ओली मासळी आणि मीठ घालायचं. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : सासूबाईंच्या मिठात तथ्य आहे. जांभ्याच्या कठीण खड्ड्यात तळाला दोन किलो मीठ घालावं अशी नारळाची शिफारसही आहे. पण ते लावणीच्या सहा महिने आधी, तळचा दगड भुसभुशीत व्हावा म्हणून. लावणीच्या दिवशी रोपाच्या मुळाशी नको. आणि तुमची जमीन किनाऱ्याची पुळणीची असेल तर मीठ घालायची गरजच नाही. नारळ मीठ सोसतो. शेजारी आंबा किंवा सुपारी असेल तर तिथे हा प्रयोग करू नका.

ओल्या मासळीला मात्र माझा विरोध आहे. कुजताना ती गरम होते, आणि वासाने कुत्री आणि कोल्हे येऊन रोपच उकरून काढतात. मासळीचं खत उत्तम असतं, त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही आहेत, पण ते कुजलेलं हवं. पातेरा (सुका पालापाचोळा) आणि मातीचे थर देऊन घरापासून दूर खड्ड्यात भरा, वर मातीचा जाड थर द्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. शेणखताचंही तसंच. अर्धवट कुजलेल्या शेणात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मोठा झालेला भुंगा नारळाच्या सुईतच, म्हणजे शेंड्याच्या न उमललेल्या पानात, शिरतो. शेणाचा खड्डा बागेला लागून असेल तर तो वरचेवर उपसून अळ्या वेचा. पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या असतात, कोंबड्यांना घाला.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो. संगमेश्वरला घराच्या परड्यात फणस आणि कोकम लावले आहेत. जाणं होतं ते गणपतीला आणि शिमग्याला. एकदाच घालून वर्षभर पुरेल असं खत आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भाताला लावतात ती युरिया-डीएपीची ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) फळझाडांनाही चालते, ती हळूहळू विरघळते. गणपतीला गेलात की झाडापासून वीतभर लांब, चार-पाच ठिकाणी, बोटभर खोल एकेक पुरा. खोडाला चिकटून नको. पण तुमच्या झाडांना कमी पडणार ते खत नाही, डिसेंबर ते मेमधलं पाणी. त्याच भेटीत बुंध्याभोवती पातेऱ्याचा वीतभर जाड थर द्या, खोडापासून चार बोटं सोडून, आणि प्रत्येक झाडाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून वात घातलेलं मडकं पुरून या. आठवड्यातून दोनदा मडकी भरायला वाडीतल्या कुणाला तरी सांगा आणि त्याचे पैसे ठरवून द्या. फुकटात सांगितलेलं काम मार्चपर्यंत टिकत नाही.

कोकम बियांपासून लावलं असेल तर त्यातली निम्मी झाडं नर निघतात, आणि हे फुलं येईपर्यंत कळत नाही. पुढच्या पावसात एखादं 'कोकण अमृता' या कोकमाच्या जातीचं कलम बरोबर घेऊन जा.