माळढोकाचं सही केलेलं स्क्रीनप्रिंट सोलापुरात एकजण विकतोय. अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

जाताना भिंग घेऊन जा आणि चित्र फ्रेममधून काढायला लावा, काचेमागून काही कळत नाही. स्क्रीनप्रिंट म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलेलं चित्र, त्यात प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते. शाई कागदावर थरासारखी बसते, तिरकं धरलं की जाणवते. माळढोकाच्या काळ्या टोपीची कड बघा: दोन रंग भेटतात तिथे बहुतेकदा एकावर दुसरा केसभर चढलेला दिसतो. त्याऐवजी सगळीकडे निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले, तर ते ऑफसेटचं, म्हणजे छापखान्यात यंत्रावर छापलेलं साधं पोस्टर समजा, मग खाली सही कुणाचीही असो.

सही साधारणपणे पेन्सिलची असते, चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत. डावीकडे 12/50 असं असेल तर 50 प्रतींतली 12वी. ही पट्टी फ्रेमवाल्याने कापली असेल तर भाव पाडूनच मागा.

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं, सोलापुरापासून वीसेक किलोमीटरवर, आणि तिथल्या माळावर आता हा पक्षी दिसणं फार अवघड झालंय. म्हणून सांगतो, अस्सल निघालं तर सोडू नका. फक्त पश्चिमेचं ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, आपल्या उन्हाळ्यात रंग उडतील.