दुकानात जावा कशाला?

प्रश्न : मी सोलापूरची, बारावी कॉमर्स, आता बीबीए. या सेमिस्टरला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. व्याख्या पाठ होतात, प्रोग्रॅम सुचत नाही. घरचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. मला हे कशाला लागणार?

उत्तर : दुकान आहे ना, मग झालं की! पुस्तकातली कुत्र्या-मांजरांची उदाहरणं आधी सोड (मला ती कधीच पटली नाहीत). ‘गिऱ्हाईक’ हा क्लास, म्हणजे साचा कर; नाव आणि उधारी ही त्याची माहिती. वहीतलं प्रत्येक खातं म्हणजे त्या साच्यातून निघालेला एक ऑब्जेक्ट. उधारी प्रायव्हेट ठेव. ती फक्त ‘बिल’ आणि ‘जमा’ या मेथडमधूनच (क्लासला नेमून दिलेल्या कामांतूनच) बदलेल, परस्पर आकडा खोडायची सोय नाही. ‘माल’वरून ‘चादर’ आणि ‘टॉवेल’ काढलेस की मालाची माहिती दोघांकडे वारशाने आली; हेच इनहेरिटन्स. क्लास-ऑब्जेक्टची ही पद्धत नॉर्वेत १९६७च्या सिम्युला भाषेत आली, तीही रांगा, वाहतूक असल्या व्यवहारांच्या नकला उभ्या करायला. आज रात्री वहीचं एक पान घे, त्यातली तीन खाती टाईप कर.