‘गेबल स्टोन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अ‍ॅमस्टरडॅमवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीत बसवलेल्या कोरीव चित्राच्या दगडाला, म्हणजे ‘गेबल स्टोन’ला, ‘त्रिकोणी शिळा’ म्हणावं की ‘कोनशिला’?

माझ्या मते दोन्ही नको. कोनशिला म्हणजे समारंभाने बसवतात ती, पायाभरणीची. आणि त्रिकोणाशी या दगडाचा संबंधच नाही. गोंधळ इंग्रजीने घातला आहे. मूळ डच शब्द ‘खेव्हलस्टेन’. त्यातला ‘स्टेन’ म्हणजे दगड आणि ‘खेव्हल’ हा इंग्रजी ‘गेबल’चा सख्खा भाऊ. पण भावांचे संसार वेगळे झाले. इंग्रजीत ‘गेबल’ उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीपुरता राहिला, डचमध्ये ‘खेव्हल’ म्हणजे घराची अख्खी दर्शनी भिंत. अ‍ॅमस्टरडॅमची अरुंद घरं त्रिकोणी बाजूच रस्त्याकडे करून उभी असतात, तेव्हा अर्थ कसा पसरला असेल ते ओळखता येतं. हा दगड बहुतेक वेळा दारावर किंवा पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या आसपास असतो. तो शोधायला छपराच्या टोकाकडे मान वर करणारा प्रवासी इंग्रजी शब्दाने फसलेला असतो!

१४५२च्या मोठ्या आगीनंतर तिथे लाकडी घरांवर निर्बंध येत गेले आणि विटांची घरं वाढली. लाकडी पाटीऐवजी मग भिंतीतच कोरीव, रंगवलेला दगड बसवायची चाल पडली. त्यावर मालकाचा धंदा, त्याचं गाव, बायबलमधला प्रसंग, कधी आडनावावरची चित्रकोटी. घरांना क्रमांक नव्हते, त्यामुळे हा दगड हाच पत्ता. वाचता न येणाऱ्यालाही चित्र सापडायचं. (‘पत्र्या मारुतीजवळ’ एवढ्यावर घर शोधणाऱ्या पुणेकराला हे वेगळं सांगायला नको.) अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंच वर्चस्वाच्या काळात, घरांना क्रमांक मिळाले आणि दगडाचं ते काम संपलं.

आपल्या वाड्यांच्या दारावरची गणेशपट्टी दिसायला जवळची वाटते, पण तो शब्द इथे लावू नये. गणपती सगळ्यांच्याच दारावर असतो, तो मंगलासाठी. डच दगडाला शेजारच्या घरापासून वेगळं दिसायचं असतं.

मी ‘चित्रशिला’ सुचवेन. ‘कोनशिला’च्या वळणाचा आहे, उच्चारायला सोपा आणि ‘शिळा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी अहल्या किंवा कालचा भात, दोन्ही टळतात. पहिल्यांदा येईल तिथे ‘दर्शनी भिंतीतली चित्रशिला’ लिहा, पुढे नुसतं ‘चित्रशिला’. ‘घरशिला’ही सुचला होता, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये सिंट ल्यूसिएनस्टेख नावाच्या गल्लीत पाडलेल्या घरांचे असे कितीतरी दगड एकाच भिंतीत ओळीने बसवले आहेत. तिथे घर नाही, चित्र तेवढं आहे.