मशीनसाठी कर्ज घ्या, गाळ्यासाठी नको

प्रश्न : मी विटाव्याला राहते. नवरा सोडून गेला, दोन मुलं माझ्याकडे. चार घरची कामं करते, रोजचे सहा तास, महिन्याला १४,००० मिळतात. एका संस्थेत गोधड्या आणि कापडी बटवे शिवायला शिकले. आता एक फायनान्स कंपनी पाच जणींच्या गटात प्रत्येकीला ६०,००० देते आहे. २२,००० मशीनला, बाकीचे गाळ्याच्या डिपॉझिटला आणि कापडाला. गाळ्याचं भाडं ५,०००. घरकामं सोडून पूर्णवेळ शिवू का?

उत्तर : ताई, घरकामं आत्ता सोडू नका आणि हे साठ हजारही घेऊ नका. मशीन मात्र घ्यायचंच. तुमच्या हातात कला आहे, प्रश्न फक्त पैसा कुठून आणि कोणत्या क्रमाने आणायचा, एवढाच आहे.

आधी तुमच्याच पत्रातले आकडे बघू. गोधडी १,२०० ला जाते, कापड-अस्तर-दोऱ्याला ४५० लागतात आणि शिवायला पूर्ण तीन दिवस. हातात राहिले ७५०. तीन दिवसांचे २४ तास धरले तर तासाला साधारण ३१ रुपये. घरकामात तुम्हाला तासाला ८० च्या आसपास मिळतात. म्हणजे आजच्या भावाने गोधडी शिवणं हे भांडी घासण्यापेक्षा निम्म्याहून कमी मजुरीचं काम आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण दोष तुमच्या हाताचा नाही, भावाचा आहे. प्रशिक्षणात टाके शिकवतात, मजुरी धरून भाव काढायला क्वचितच शिकवतात. हाताने घातलेल्या गोधडीचा भाव १,८०० च्या खाली ठेवू नका, आणि मोठ्या गोधड्या ऑर्डर असेल तरच शिवा.

बटव्याचं गणित वेगळं आहे. ४० ला विकता, माल १५ चा, तासाला तीन होतात : तासाचे ७५ सुटले. मशीन वेगवान आलं की हा आकडा वाढेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणाला असेच बटवे लागतात, तेही पन्नास-शंभरच्या हिशेबाने. घोडबंदर रोडच्या, ऐरोलीच्या सोसायट्यांमधल्या महिला मंडळांकडे दिवाळी झाल्या झाल्या नमुने घेऊन जा. तुम्ही ज्या घरी स्वयंपाक करता, तिथूनच सुरुवात करा. निम्मी रक्कम आगाऊ मागायला संकोच नको, त्यातूनच कापड येईल. गोधडीला गिऱ्हाईक थंडीत, पावसाळ्यात जवळपास नाही. हप्ता मात्र जुलैतही भरावा लागतो.

आता कंपनीचं कर्ज. '१२ टक्के' म्हणाले, पण ते फ्लॅट आहेत, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज दोन वर्षं पूर्ण साठ हजारांवरच. व्याज १४,४००, हप्ता ३,१००. घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून पाहिलं, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यात गाळ्याचं भाडं मिळवा : ८,१००. एवढे फेडायला आजच्या भावाने महिन्याला अकरा गोधड्या, म्हणजे ३३ दिवसांचं काम. महिन्यात तेवढे दिवसच नाहीत. शिवाय गटातली एक अडकली तर तिचा हप्ता बाकी चौघींनी भरायचा. बचत गटात व्याज निदान गटातच राहतं, इथे तेही नाही.

याऐवजी पीएम विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवा. २०२३ पासून सुरू असलेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर, आधार घेऊन जा. प्राथमिक प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर, आणि त्यानंतर पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्क्यांनी, तारण न देता. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून नवऱ्याच्या नावाने आधी नोंद झालेली नाही ना, हे तिथेच विचारून घ्या.

व्याज स्वस्त म्हणून पूर्ण लाख उचलू नका. मुदत १८ महिन्यांचीच आहे, लाखाचा हप्ता ५,८०० च्या आसपास बसतो. पन्नास हजारांचा २,९०० बसेल आणि एकूण व्याज जेमतेम २,००० होईल. त्यातून मशीन घ्या, उरलेले खात्यात वेगळे ठेवून दोन-तीन हप्त्यांची सोय करा. छाननीला वेळ लागतो, तोवर संस्थेचं मशीन संध्याकाळी वापरू देतील का, विचारा. मला वाटतं, देतील.

गाळा नकोच. मशीन घरात खिडकीशी ठेवा. माल आणि हप्ता वजा जाऊन सलग तीन महिने एका घरच्या पगाराइतके पैसे उरले, की सगळ्यात कमी देणारं घर सोडा. स्वयंपाकाचं घर शेवटपर्यंत ठेवा. लाडकी बहीणचे १,५०० हप्त्यासाठी धरू नका, ते मुलांच्या नावाने पोस्टात जाऊ देत.

तुमच्या सहीसाठी चौघी थांबल्या आहेत, नाही म्हटलं तर तुटतील, असं लिहिलंत. त्यांना हे गणित दाखवा. कंपनीकडे प्रत्यक्ष वार्षिक व्याजदर लिहिलेलं पत्रक मराठीत मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते द्यावंच लागतं. ते वाचून चौघींनी आपापलं ठरवावं. तुमची सही मात्र त्यावर नको.